पंच्याऐंशी फूट

"मॅडम, मला खुर्चीत कशाला बसवतासा? माझ्याकडं खुर्ची न्हाई."

अक्काताई चौगुलेनं हे विचारलं तेव्हा माझ्या दोन विद्यार्थिनी तिच्या काखेत हात घालून तिला उचलायच्या बेतात होत्या. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही प्लायवूडची एक खोटी खोली उभी केली होती. खोटं दार, खोटा ओटा, खोटं संडासाचं भांडं. येणाऱ्या प्रत्येक अपंग माणसाला त्या खोलीतून फिरवायचं, हात कुठवर पोचतो, चाक किती जागेत वळतं ते मोजायचं आणि फॉर्मवर लिहायचं, असं काम चाललं होतं. दोन हजार तीनचा जानेवारी महिना होता. एकसष्ट माणसं मोजून झाली होती, ही बासष्टावी.

"फक्त मापापुरतं," मी म्हणाले. "पाच मिनिटं."

"माप माझं घेताय का खुर्चीचं?"

पोरी फिदीफिदी हसल्या. मीही हसले. बाई तोंडाची फटकळ आहे, एवढंच मी त्यातून घेतलं.

अक्काताई तेव्हा चौतीस-पस्तीसची असेल. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. दोन्ही हातांत जुन्या हवाई चपला घालायची, त्या जमिनीवर रोवायची, अंग उचलायची आणि पुढे टाकायची. असं करत ती कॉलेजच्या फाटकापासून वर्कशॉपपर्यंत आली होती. दंड असे की तालमीतल्या पोरांनी बघत राहावं. गावात शिवणकाम करायची. बोलेवाडी आणि आसपासच्या चार गावांतल्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे असत. आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची.

पोरींनी तिला उचललं. उचलताना तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि दात आवळले.

"पडायची भीती वाटते का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

त्या काळात मी फार मोठी होते. निदान मला तरी तसं वाटायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी वास्तुरचना विभागाची प्रमुख, हुपरीकर मॅडम म्हटलं की पोरं व्हरांड्यात सरळ होऊन चालायची. नदीकाठच्या सरकारी जागेवर अपंगांसाठी एक केंद्र बांधायचं होतं. शिकवणीचे वर्ग, तपासणी, वाचनालय, सगळं एका छताखाली. ते काम मी ओढून आणलं होतं. आणि एकटीनं करायचं नाही, असं ठरवलं होतं. माझ्याबरोबर फिजिओथेरपीचे डॉक्टर मुजावर होते आणि संगणक विभागाचे प्राध्यापक शिरगुप्पे. मी नकाशा काढायचा, मुजावरांनी माणसाच्या शरीराचं सांगायचं, आणि शिरगुप्प्यांनी त्या नकाशातून संगणकातली माणसं चालवून कोण कुठे अडतं ते दाखवायचं. तोवर आमच्याकडे वास्तुरचनेच्या माणसानं डॉक्टरबरोबर चहासुद्धा घेतलेला मला आठवत नाही. वीस-पंचवीस वर्षांनंतरही जुनी वाटणार नाही अशी इमारत बांधायची, असा आम्ही विडा उचलला होता. वर्कशॉपच्या फळ्यावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'इथे कुणालाही उचलावं लागणार नाही.'

खुर्चीत बसल्यावर अक्काताईचं लक्ष त्या फळ्याकडे गेलं. सहावीपर्यंत शिकलेली होती. बोट न लावता, पण ओठ हलवत तिनं ते वाचलं.

"हे खरं?" तिनं विचारलं.

"खरं."

"कुणी म्हंजे कुणीच न्हाई?"

"कुणीच नाही. त्यासाठीच तर एवढा खटाटोप."

पोरी टेप घेऊन तिच्या हाताची लांबी घेत होत्या. मग एकदम म्हणाली, "माझी शाळा उचलण्यापायीच सुटली बघा. शाळा माडीवर. गुरुजी उचलून न्यायचे. बारा वर्साची झालो तवा बा म्हणाला, आता पोरगी मोठी झाली, कुणी उचलायचं? झालं. सुटली शाळा."

"गुरुजी काही..." मला नीट विचारता येईना.

"गुरुजी चांगलं हुतं. उचलणारा माणूस चांगलाच असतोय मॅडम. एष्टीतला कंडाक्टर चांगला, लग्नातली पावनी चांगली. पर त्येचं हात कुठं लागत्यात ते त्येला सांगता येत न्हाई. आन आपुन काय बोलायचं? त्यो तर उपकार करतोय." तिनं पोरींकडे पाहून आवाज खाली घेतला. "मला कुणी उचलायचं नसंल, तर मी तुमच्या हितं रोज येतो. पगार कमी दिला तरी चालंल."

मी तिला शब्द दिला. शिवणवर्गाची शिक्षिका म्हणून तुम्हालाच घेऊ, आणि तुम्ही आपल्या आपण आत याल, असं मी दोन साक्षीदारांसमोर म्हणाले.

मग मोठ्या हौसेनं तिला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली. नदीचं पाणी चढतं म्हणून जोतं पाच फुटांचं, आणि जमिनीपासून दारापर्यंत तीन टप्प्यांत वळत जाणारा रॅम्प. सगळ्यांना एकच वाट. मंत्री येवो की आंधळा येवो, दोघांनी तिथूनच जायचं. अक्काताई प्रतिकृतीभोवती खुर्ची फिरवायला लावून बघत राहिली.

"पायऱ्या कुठं हायत?"

"नाहीतच!" मी विजयी मुद्रेनं म्हणाले.

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

तिचा चेहरा पडला. "मग मी कुठनं चढायचं?"

मला वाटलं तिला कळलं नाही. मी रॅम्प पुन्हा दाखवला. ती मान हलवत राहिली. "हे लई लांब हाय मॅडम. किती फूट?"

"पंच्याऐंशी."

"त्यापरास बाजूला धा पायऱ्या ठिवा. कडाप्प्याच्या, गुळगुळीत. हात वरच्या पायरीवर ठिवायचा, अंग उचलायचं, बसायचं. दोन मिनटात वर येतो."

पायऱ्या! सहा महिने मी पायऱ्यांच्या विरोधात भाषणं देत हिंडत होते, आणि ही बाई माझ्याकडे पायऱ्या मागत होती. पायरी म्हणजे कसा भेदभाव, काहींनी पुढच्या दारानं यायचं आणि काहींनी मागच्या, हे कसं बंद झालं पाहिजे, असं मी तिला समजावून सांगितलं. चांगली दहा मिनिटं सांगितलं.

"भेदभाव आसंल," ती शांतपणे म्हणाली. "पर मला चढता येतंय की."

पुढच्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये आमच्या तिघांच्या बैठकीत हा विषय निघाला. विषय मीच काढला होता, तेवढं श्रेय मला आहे.

शिरगुप्पे म्हणाले, "माझ्याकडे सात आकृत्या आहेत. उभा पुरुष, उभी बाई, गरोदर बाई, काठी टेकणारा म्हातारा, कुबड्या, पांढरी काठी आणि व्हीलचेअर. जमिनीवरून हातानं सरकणारी आकृती नाही. नव्यानं करायची तर तीन महिने जातील. शिवाय एका बाईसाठी?"

"एक नाही, असे नऊजण आहेत बासष्टांत," मुजावर म्हणाले. "पण डॉक्टर म्हणून विचाराल तर मी असं सरकणं कुणालाच सुचवणार नाही. तळहात जातात. खांदे चाळिशीपर्यंत संपतात. त्यांना खुर्चीवर आणणं हेच बरोबर."

"झालं तर मग," मी म्हणाले.

"पण मॅडम," मुजावर म्हणाले, "खुर्ची येईपर्यंत ती कशी येणार? आणि खुर्ची मिळाली तरी जमिनीवरून खुर्चीत बसायला तिला कुणीतरी उचलायलाच लागतं. बोलेवाडीच्या गल्लीतून खुर्ची चालणारही नाही."

तेव्हा मी जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. कारण पुढे तीन व्याख्यानांत मी तेच वाक्य वापरलं आणि तिन्ही ठिकाणी टाळ्या घेतल्या. मी म्हणाले, "आपण वीस वर्षांनंतरच्या माणसांसाठी बांधतोय. तेव्हा या देशात कुणीही जमिनीवरून सरकत जाणार नाही. तिच्यासाठी पायऱ्या ठेवणं म्हणजे तिनं जन्मभर तसंच सरकत राहावं हे मान्य करणं. मी ते मान्य करणार नाही."

शिरगुप्प्यांनी टेबलावर थाप मारली. "वा!"

"आणि तोवर?" मुजावरांनी विचारलं.

"तोवर शिपाई असतील की," मी म्हणाले.

मुजावरांनी एकदा फळ्याकडे पाहिलं. मी खूण ओळखली होती, पण ओळखली नाही असं दाखवलं. त्या नऊजणांची नावं व्हीलचेअरच्या रकान्यात गेली. अक्काताईच्या नावापुढे 'व्हीलचेअर' असं लिहिलं आहे ते माझ्याच अक्षरात. ते कागद अजून विभागाच्या कपाटात असतील.

इमारत दोन वर्षांत उभी राहिली आणि देखणी झाली, हे मला आजही नाकारता येत नाही. रॅम्पचा चढ नियमात सांगितलाय त्याहूनही सौम्य ठेवला होता. त्यावर आगीच्या झोतानं खरबरीत केलेला ग्रॅनाइट बसवला, म्हणजे पावसातही कुबडी घसरू नये. आम्ही पाणी ओतून, साबणाचा फेस करून तपासून पाहिलं. बुटानं पाहिलं, काठीनं पाहिलं, चाकानं पाहिलं. उघडा तळहात त्या दगडावर टेकून बघायचं मात्र आम्हा तिघांपैकी कुणालाही सुचलं नाही.

मी शब्द पाळला. शिवणवर्गाच्या शिक्षिकेच्या जागेवर अक्काताईची नेमणूक झाली. पत्र मिळाल्यावर तिनं गावातल्या बूथवरून मला फोन केला. आजूबाजूला माणसं जमली असावीत, कारण ती ओरडून बोलत होती. "मॅडम, सोमवारी धाला येतो! भावाला सांगितलंय, सोडायला यायचं न्हाई म्हणून. कुण्णीसुद्धा यायचं न्हाई!"

तो सोमवार एप्रिलचा होता. त्याच दिवशी साडेदहाला दिल्लीची एक समिती इमारत बघायला येणार होती. देशभरातल्या आठ इमारतींतून एक निवडायची होती आणि आमचं नाव पुढे आहे असं कानावर आलं होतं. मी सकाळी आठपासून तिथे होते. एरवी फाटकाजवळच्या केबिनमध्ये एक व्हीलचेअर ठेवलेली असे. ती मी वर मागवून घेतली, पुसून घेतली आणि दारासमोर, येताक्षणी नजरेत भरेल अशी ठेवली.

दहाला दहा कमी असताना अक्काताईची रिक्षा फाटकाशी थांबली. ती आपल्या आपण उतरली. अंगावर नवंकोरं निळं लुगडं होतं. मी व्हरांड्यातून हाक मारली, "अक्काताई, थांबा, खुर्ची पाठवते खाली!"

"नगं!" तिनं हात हलवला. "मी येतो!"

आणि ती निघाली. पहिलं वळण तिनं झपाट्यानं घेतलं. माझ्या शेजारी नामदेव शिपाई आणि त्याचा जोडीदार उभे होते. नामदेव कौतुकानं म्हणाला, "लई खमकी बाई हाय." मलाही अभिमान वाटला. तिचा किती आणि माझ्या रॅम्पचा किती, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या टप्प्यावर तिचा वेग कमी झाला. दगड तापला होता. त्याच्या खरबरीत अंगाला तिचं लुगडं प्रत्येक वेळी अडकत होतं आणि ती ते मागे हात नेऊन सोडवत होती. परकराला तिनं खालून रेक्झिन शिवून घेतलं होतं, पण त्याचे काळे तुकडे दगडावर पडत राहिले. मग एका हातातल्या चपलेचा अंगठा तुटला. तिनं उघडा तळहात टेकला आणि झटकन उचलून घेतला. त्यावर फुंकर मारली. पदराचं टोक तळहाताला गुंडाळलं आणि पुन्हा अंग उचललं. आता ती एकेका हिसक्यात जेमतेम वीतभर सरकत होती.

मी वरून बघत होते. माझ्या हातात समितीला द्यायच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. इमारतीत याआधी चार महिने माणसं ये-जा करत होती, पण तिच्यासारखं कुणी मी त्या दगडावर पाहिलं नव्हतं. यादीतले बाकीचे आठजण का येत नाहीत हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला, वळणाशी, ती थांबली. भिंतीच्या कडेला टेकून, मान खाली घालून बसली. खांदे वरखाली होत होते. अर्धा तास झाला होता. लुगडं मागच्या बाजूनं फाटून लोंबत होतं. वळणावरून दारापर्यंत जेमतेम पंचवीस फूट उरले होते.

फाटकातून हॉर्न ऐकू आला. दोन पांढऱ्या गाड्या आत वळल्या.

"उचला त्यांना," मी नामदेवला म्हणाले.

दोघं धावले. अक्काताईनं मान वर केली आणि आमच्याकडे बघून एक हात उंच केला. मदतीसाठी हात केला, असं मी पुढे कैक वर्षं लोकांना सांगत आले. नामदेवनं तिच्या काखेत हात घातले, त्याच्या जोडीदारानं गुडघ्याखाली धरलं. फाटलेल्या परकराखाली जे दिसायला नको ते दिसत होतं. मी तोंड फिरवलं आणि गाड्यांकडे बघत हसून नमस्कार केला.

समिती रॅम्पवरूनच वर आली. चढ किती सुखाचा आहे, याचं त्यांनी फार कौतुक केलं. त्यांचे अध्यक्ष वयस्कर, भले गृहस्थ होते. खुर्चीत बसलेल्या अक्काताईसमोर ते वाकले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, "कैसा लगा आपको, बहनजी?"

अक्काताईनं माझ्याकडे पाहिलं. "चांगलं हाय," ती म्हणाली. "लई चांगलं बांधलंय."

मी त्याचं भाषांतर करून सांगितलं.

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत शिवणवर्गात त्याच खुर्चीत बसून होती. एका मुलीकडून चादर मागून तिनं कमरेभोवती गुंडाळून घेतली होती. टेबलांची उंची खुर्चीला अगदी बरोबर होती. वर्गातल्या पोरी म्हणाल्या, बाईंनी छान शिकवलं, फक्त दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही. पाणी प्यालं की संडासाला जावं लागतं, आणि संडासाला जायचं तर पुन्हा कुणीतरी उचलायला हवं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा ती घरी गेलेली होती.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी मी बोलेवाडीला गेले.

तिचं घर एका खोलीचं होतं. दाराशी कडाप्प्याच्या दोन पायऱ्या, घासून घासून चकचकीत झालेल्या. आत शिरल्यावर मी क्षणभर बावरून उभी राहिले. खिडकी जमिनीपासून फूटभर उंच. फळ्या, चूल, नळ, दिव्याचं बटण, दाराची कडी, सगळं कमरेखाली. उभ्या माणसाला त्या घरात काहीच करता येईना. भावाकडून हळूहळू करून घेतलंय, ती म्हणाली. मी खाली बसले तेव्हा खिडकीतून गल्ली, पलीकडचं शेत आणि लांबचा डोंगर दिसायला लागला. असं नेमकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि ते मला तिथल्या तिथे कळलं. मत्सर वाटला म्हटलं तरी चालेल.

ती हातमशिनवर ब्लाउजला बाही लावत होती. उजव्या तळहाताला चिंधी बांधलेली होती.

"चा करू?"

"नको. अक्काताई, येत का नाही तुम्ही?"

"घरात काम हाय."

"मी पायऱ्या करून देते. बाजूनं. तुम्ही म्हणाला होता तशाच, महिनाभरात."

"आता कशाला मॅडम."

"माझं चुकलं. तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही. त्या दिवशी एवढं ऊन होतं, तुम्ही अडकून पडला होता, मला बघवेना, म्हणून मी—"

मशिन थांबलं. "मी अडकलो नव्हतो."

तिनं बाही मांडीवर ठेवली.

"मी दम खात हुतो. वळणावर जरा सावली हुती म्हणून टेकलो. पंचीस फूट ऱ्हायलं हुतं, मी बघून ठेवलं हुतं. हात वर केला त्यो 'थांबा' म्हणून."

"मला वाटलं, तुम्ही मदत—"

"न्हाई मॅडम." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमी आदी गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग त्यास्नी सांगितलं. मी खालनं सगळं बघत हुतो की."

खरं होतं. तसंच झालं होतं, त्याच क्रमानं. तिचा हात वर झाला तेव्हा तळवा आमच्याकडे होता आणि बोटं ताठ होती. असा हात 'थांबा' म्हणूनच करतात, हे मला कळलं होतं. पण फाटक्या लुगड्यानं रॅम्पवर बसलेली बाई समितीला दिसायला नको होती. दोन वर्षांचं काम, वर्तमानपत्रातला फोटो, मान, सगळं त्या पंचवीस फुटांत जाईल अशी मला भीती वाटली. बघवेना म्हणून नव्हे, दिसायला नको म्हणून मी 'उचला' म्हणाले.

"गेलो असतो मी वर," अक्काताई म्हणाली. "लुगडं गेलं असतं, हात सोलला असता, पर गेलो असतो. एवढ्या मोठ्या इमारतीत, आपलं आपण. भावाला आल्यावर सांगायचं हुतं मला." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "त्येनं इचारलं, कसं झालं? मी म्हणलो, चांगलं झालं. मग रात्री चादर का गुंडाळलीय म्हणून वैनी इचारायला लागली."

मी तिचे पाय धरावेत असं एकदा मनात आलं, पण तेही नाटक झालं असतं.

"ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली. "वर्गातली ती चष्म्याची पोरगी हुशार हाय. हात चांगला हाय तिचा."

मी फार आग्रह केला नाही. आत कुठेतरी मला हायसंही वाटलं होतं, आणि ते हायसं वाटणं मला आजवर विसरता आलेलं नाही.

बक्षीस आम्हालाच मिळालं. समितीनं अहवालात लिहिलं की एकही पायरी नसणं हेच या इमारतीचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य आहे. मग पायऱ्यांचा मी काढलेला नकाशा खणात राहिला. त्या इमारतीवर माझे अकरा लेख छापून आले. मुजावर त्यानंतर माझ्याबरोबर कुठल्याही कामात आले नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी म्हणत होते ती वीस वर्षं कधीच होऊन गेली. गेल्या महिन्यात एस.टी. स्टँडवर एक माणूस हातात चपला घालून सरकत बसकडे चालला होता. मला निवृत्त होऊनही आता सात वर्षं झाली आहेत.

अक्काताईला मी पुन्हा भेटले नाही. धीर झाला नाही, हेच खरं. पण त्या गुरुवारी निघताना जे झालं तेवढं सांगते.

तासभर जमिनीवर मांडी घालून बसल्यानं माझे दोन्ही पाय आखडले होते. एक गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. मी उठायला गेले आणि तशीच खाली बसले. आधाराला धरावं असं माझ्या उंचीचं त्या घरात काहीच नव्हतं. पुन्हा एकदा जोर लावला, पुन्हा बसले. मला शरमेनं घाम फुटला.

अक्काताई सरकत जवळ आली. तिच्या दंडात मला एका हातानं उभं करण्याइतकी ताकद होती. पण तिनं मला हात लावला नाही.

"हात देऊ का मॅडम?" तिनं विचारलं.

आणि मी 'हो' म्हणेपर्यंत ती तशीच थांबून राहिली.